वाचक विचारतात : हलणाऱ्या डोळ्यांवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. तीन-चार महिन्यांचा असल्यापासून त्याची दोन्ही बुबुळं आडवी हलतात. निदान निस्टॅग्मस, एमआरआय नॉर्मल. चष्म्यासह ६/२४ दिसतं (निरोगी डोळा २४ मीटरवरून वाचतो ते त्याला सहा मीटरवरून). टीव्ही बघताना चेहरा डावीकडे वळवतो. ओळखीच्या एकांनी ॲक्युपंक्चर सुचवलं आहे, दहा बैठका घ्यायला सांगतात. घ्याव्यात का? — एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : घ्यायच्याच असतील तर आधी मोजमाप करा आणि अपेक्षा लहान ठेवा.

या प्रकारात बुबुळ सावकाश एका बाजूला सरकतं आणि झटक्यानं परत येतं. मधे अगदी क्षणभर नजर हव्या त्या वस्तूवर टिकते. मूल वाचतं ते तेवढ्या क्षणात. चष्मा, प्रिझम (प्रकाशाची दिशा वळवणारी चष्म्याची काच), औषध, शस्त्रक्रिया, सगळ्यांची धडपड तो क्षण लांबवण्यासाठी असते. ॲक्युपंक्चरच्या सुईबद्दलचा पुरावा तुटपुंजा आहे. १९९८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत छापलेल्या अभ्यासात जन्मजात निस्टॅग्मस असलेल्या सहा जणांच्या मानेत, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूत, सुया घालून डोळ्यांची हालचाल यंत्रानं नोंदवली. चौघांची नजर टिकण्याची वेळ वाढली. एवढ्या लहान गटावरून कायमचा फायदा सिद्ध होत नाही, आणि दहा बैठका का, पाच किंवा वीस का नाहीत, याचं उत्तर तर त्यातून मुळीच मिळत नाही.

परिणाम दिसतो त्यामागे बहुधा मानेच्या स्नायूंतून मेंदूकडे जाणारे संदेश असावेत; डोळे स्थिर ठेवणाऱ्या केंद्रांशी त्यांचा संबंध आहे. कॉन्टॅक्ट लेन्सच्या नुसत्या स्पर्शानंही काहींचे डोळे थोडे शांत होतात. म्हणजे ही सुईचीच खास करामत म्हणता येणार नाही.

मोजमाप असं करा. ई अक्षराचा तक्ता घ्या, म्हणजे फिरवता येतो आणि पोराला पाठ होत नाही. अंतर, दिवा आणि वेळ रोज तीच. दोन्ही डोळे उघडेच ठेवायचे, कारण एक डोळा झाकला की काही मुलांचे डोळे आणखी जोरात हलतात आणि आकडा खोटा येतो. एकदा मान सरळ ठेवून आणि एकदा त्याला हवी तशी वळवू देऊन, दोन्ही नोंदी लिहा. सुया सुरू करण्याआधी वेगवेगळ्या तीन दिवशी, मग बैठकीनंतर लगेच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दमलेलं, भुकेलेलं किंवा घाबरलेलं मूल कमीच वाचतं, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यातली नोंद धरू नका. एका ओळीपेक्षा कमी फरक हा फरक नव्हे. तीन-चार बैठकांनंतर सकाळची नोंद जागची हलली नसेल तर थांबा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : मूल वाढतं तशी ही हालचाल पुष्कळदा आपोआपच कमी होते. वर्षभर सुया घेतल्या तर त्याचं श्रेय सुईला जाणारच.

सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली असावी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला जिंगमिंग किंवा बुबुळाखालचा चंगची हे बिंदू मुलात नकोतच. तिथं सुई पडली तर डोळ्यामागे रक्त साचू शकतं, डोळ्याच्या गोळ्यालाही इजा होऊ शकते, आणि आठ वर्षांचं मूल सुया असेपर्यंत, बहुधा वीस-तीस मिनिटं, हलणार नाही याची हमी कोण देणार? मानेच्या त्या स्नायूखालून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, तेव्हा तिथंही नवशिका हात नको. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं ॲक्युपंक्चरची परिषद झाली आहे, पण ती महाराष्ट्रापुरती. इंदुरात भिंतीवरचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं आहे ते नीट वाचून घ्या. चष्मा सोडा असं सांगणाऱ्याकडून मात्र लगेच उठून या.

खरा फायदा दुसरीकडे आहे. चेहरा डावीकडे वळतो म्हणजे डोळे उजवीकडे असताना ते सर्वांत शांत असतात. म्हणून वर्गात फळ्याकडे तोंड केल्यावर त्याला डाव्या बाजूला बसवा. फळा उजवीकडे येईल आणि मान फारशी वळवावी लागणार नाही. "सरळ बघ" म्हणून दटावू नका. पुस्तक जवळ धरत असेल तर धरू द्या, कारण जवळ पाहताना डोळे आत वळतात आणि हालचाल मंदावते. बेस-आउट प्रिझम, म्हणजे जाड कड कानाकडे असलेले, हाच परिणाम दूरच्या नजरेसाठी साधतात, मात्र दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तरच. मान फारच वळत असेल तर डोळ्यांचे स्नायू सरकवण्याची अँडरसन-केस्टेनबॉम शस्त्रक्रिया आहे. तिनं शांत जागा समोर आणता येते. मात्र डोळ्याच्या आतला पडदाच (रेटिना) अपुरा वाढलेला असेल, उदाहरणार्थ त्वचा आणि केस फार पांढरे असणाऱ्या मुलांत, तर हालचाल थांबली तरी नजर त्या प्रमाणात वाढत नाही. पडद्याची तपासणी झाली नसेल तर सुईआधी ती करून घ्या.

प्रश्न : वय ५८. फिट्ससाठी फेनिटॉइन घेतो. महिन्याभरापासून समोरचं सगळं हलतं, चालताना झोक जातो. मानेत सुया घेऊ का? — विजयनगर, इंदूर

उत्तर : नको. लहानपणापासून डोळे हलणाऱ्याला जग सहसा हलताना दिसत नाही. तुम्हाला दिसतं, म्हणजे हे नवं आहे आणि कारण शोधायलाच हवं. तुमच्या बाबतीत पहिला संशय औषधावर. पुढचा डोस घेण्याआधी रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासून घ्या. नेहमीची मर्यादा दर मिलीलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. त्यावर गेली की डोळे हलणं आणि तोल जाणं सुरू होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, फिट उसळेल. न्यूरॉलॉजिस्ट मात्रा ठरवतील.

पातळी ठीक निघाली तर हालचालीची दिशा बघावी लागते. बुबुळं खाली झटके देत असतील तर मेंदूचा खालचा भाग आणि मानेचा वरचा भाग नीट दिसेल असा एमआरआय हवा. दिशा काही मिनिटांनी बदलत असेल तर बॅक्लोफेन हे औषध लागू पडतं, इतर काही प्रकारांत गॅबापेंटिन किंवा मेमॅन्टिन. यात बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला किंवा जोराची डोकेदुखी आणि उलट्या झाल्या तर थेट इंदूरचं एमवाय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : कूस बदलली की खोली गरगरते, अर्ध्या मिनिटात थांबते. आई म्हणते डोळेही हलतात. — राजेंद्रनगर

उत्तर : कानातले कॅल्शियमचे कण जागचे सुटल्याचं हे लक्षण दिसतं. डॉक्टर मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करतील, कुठला कान ते ठरवतील आणि एप्ले पद्धतीनं, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं फिरवून, ते कण परत जागी नेतील. काम पाच-दहा मिनिटांचं. त्याआधी मानेचा त्रास असेल तर सांगा.

प्रश्न : डाव्या डोळ्याची खालची पापणी पंधरा दिवस लवते आहे. शकुन-अपशकुन मानत नाही, पण सुई चालेल का? — एक वाचक, देवास

उत्तर : सुईची गरजच नाही. झोप वाढवा, दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद करा. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. डोळा पूर्ण मिटू लागला किंवा त्याच बाजूचा गाल आणि ओठही ओढला जाऊ लागला तर मात्र दाखवा. तेव्हा बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम तीन-चार महिने राहतो.