गोल्फचा क्लब धरताना हात कसे बसवावेत?

प्रश्न : मी उजव्या हाताने खेळतो. गोल्फ नुकताच शिकू लागलो आहे. माझा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो आणि डाव्या हातातील ग्लोव्ह तळव्यावर, मनगटाजवळ, लवकर झिजतो. उजवी करंगळी डाव्या तर्जनीत अडकवावी की नुसती वर ठेवावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करंगळीचे नंतर पाहू, कारण खरा दोष बहुधा आपल्या ग्लोव्हनेच दाखवून दिला आहे. दांडा बोटांत न राहता डाव्या तळव्यात गेला की तो तेथे घासत राहतो, मनगट आखडते आणि चेंडूला लागताना क्लबचे तोंड उजवीकडे उघडेच राहते.

आधी क्लबचे तोंड लक्ष्याकडे सरळ करावे, मगच हात ठेवावेत. दांडा डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाशी तिरका यावा आणि करंगळीखालचा तळव्याचा मांसल भाग दांड्यावर टेकावा. अंगठा मध्यापासून किंचित उजवीकडे असावा. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीची दोन हाडे दिसावीत. एकच दिसत असेल, तर हात थोडा उजवीकडे फिरवावा. उजवा हातही बोटांनीच धरावा, त्याच्या तळव्याच्या खळग्यात डावा अंगठा झाकला जावा आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधील घड्या उजव्या खांद्याच्या दिशेने असाव्यात.

क्रिकेट खेळलेल्यांचा खालचा हात जोर लावायला उतावीळ असतो. त्याला येथे आवर घालावा लागतो. पकड मुख्यतः डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांची असते, आणि तीही मनगट मोकळे राहील इतपतच.

आता करंगळी. ती डाव्या तर्जनी व मधल्या बोटामधील खाचेवर टेकवण्याची पद्धत हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूमुळे ती रूढ झाली. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांनी मात्र करंगळी अडकवूनच खेळ केला. तेव्हा बोटे आखूड असतील तर अडकवावी, लांब असतील तर वर ठेवावी. आपल्या उजवीकडे वळणाऱ्या चेंडूवर या निवडीचा फारसा परिणाम होणार नाही.

नवी पकड सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटेल, म्हणून प्रथम अर्ध्या स्विंगचेच फटके मारावेत. चेंडू डावीकडे वळू लागला, तर डावा हात किंचित परत डावीकडे फिरवावा.