घेतलेलं नाव टाकू नकोस

पोरा,

वर्गाच्या ग्रुपवर तू समजूतदार, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलवरून पेठापेठांत जुंपली की दुसऱ्या नावानं शिवराळ, आणि तिसऱ्या नावानं हळव्या कविता. 'यातला खरा मी कोण?' असं विचारतोस. तिघंही तूच. तो प्रश्न सोड. यातल्या कुठल्या नावाला जाब विचारला तर तू जागेवर सापडतोस, ते सांग.

राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहायचे, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून, विनोद 'बाळकराम' म्हणून. तीन नावं, तीन आवाज, आणि तिन्हींमागे उभा माणूस एकच. तू मात्र सामना संपला की शिवराळ खातं पुसतोस आणि पुढच्या हंगामात नवं उघडतोस. टोपणनावं हवी तेवढी घे रे, पण घेतलेलं नाव टाकून पळू नकोस.

शाहू स्टेडियमवर तू ओरडलास तर शेजारच्याला तुझी पेठ, तालीम, वडील सगळं माहीत असतं. फार चढलास की कुणीतरी दंड धरून खाली बसवतं. लिहिताना दंड धरणारं कुणी नसतं. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली मांडलं होतं की, माणूस स्वतःबद्दल काही मुद्दाम सांगतो आणि काही त्याच्याकडून नकळत कळून जातं. लेखी वादात चेहरा नाही, चाल नाही, तरी कळायचं ते कळतंच: कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलंस, कुणाचा टाळलास, कोंडीत सापडल्यावर विषय कसा फिरवलास. लोक तुला त्यावरून ओळखतात. पुढं पुढं तूही स्वतःला तसाच ओळखायला लागतोस. खातं पुसलं तरी ती सवय पुसत नाही.

म्हणून परत सांगतो, नाव टाकू नकोस. मत बदललं तर त्याच नावानं, त्याच वादाखाली लिही.

शाहू महाराजांच्या १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशावरून माझा एका जिवलग मित्राशी लेखी वाद झाला. 'तेवढं पुसून टाक, मिटवू,' म्हणाला. मी पुसलं नाही. तो आजही बोलत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण लिहिलेलं खरं होतं. ते पुसून त्याच्या दारात गेलो असतो, तर त्याला भेटायला गेलेला तो मी नसतोच.

ज्याच्या आईवरून लिहिलंस, त्याला आजच, त्याच खात्यावरून उत्तर दे. दिलंस की कळव. मग कवितांवर बोलू. दोन मला मनापासून आवडल्यात.