डोळ्यातला रक्तपुरवठा वाढवला तर आरपीमध्ये गेलेली नजर परत येते का?

तुमच्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा (आरपी) हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, रिपोर्टमध्ये ‘रक्तवाहिन्या अरुंद’ असं लिहिलंय, आणि कोणीतरी रक्तपुरवठा वाढवण्यासाठी सुया आणि विजेची ट्रीटमेंट सुचवली आहे. ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी आहे, डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) दवाखान्यात काम करते. गेलेली नजर परत येईल या आशेवर त्यात पैसे घालू नका.

रिपोर्टमधली ओळ खरीच आहे. आरपीच्या पडद्याच्या फोटोत धमन्या दोऱ्यासारख्या बारीक दिसतात. पण पडद्याला रक्त दोन बाजूंनी मिळतं. फोटोत दिसणाऱ्या वाहिन्या आतल्या थराला पुरवतात. प्रकाश टिपणाऱ्या रॉड आणि कोन पेशी बाहेरच्या थरात असतात, त्या मुख्यतः पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरावर जगतात, आणि डोळ्यात येणारं बहुतेक रक्त या कोरॉइडमधूनच वाहतं. म्हणजे बारीक झालेल्या वाहिन्या आजारी पेशींच्या वाट्याच्या नाहीतच.

मग त्या आकसतात कशामुळे? आरपीत जनुकातल्या दोषामुळे आधी रॉड मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. रॉडना ऑक्सिजन भरपूर लागतो, अंधारात तर आणखीच. ते गेले की कोरॉइडकडून येणारा ऑक्सिजन खर्चच होत नाही, तो आतल्या थरापर्यंत झिरपतो आणि तिथल्या वाहिन्या आवळतात. शेत पडीक पडलं म्हणून पाटाचं पाणी कमी केलं, असा हा प्रकार. पाणी वाढवल्याने जळालेलं पीक उभं राहत नाही. आइसलँडमधल्या संशोधकांनी आरपीच्या पेशंटच्या पडद्यातल्या शिरांमधला ऑक्सिजन मोजला, तेव्हा परतीच्या रक्तात तो नेहमीपेक्षा जास्त निघाला. उपासमार असती तर उलट दिसलं असतं. (आरपी असलेल्या मधुमेहींच्या पडद्यावर मधुमेहाचे गंभीर परिणाम क्वचितच दिसतात. त्याचं कारणही बहुधा हेच.) उलट, हा जादा ऑक्सिजनच पुढे कोन पेशींना मारतो, असं मानणारे संशोधक आहेत.

‘रक्त वाढवा’ ही कल्पना नवीही नाही. क्यूबामध्ये हवानाला डोळ्यामागे चरबीचा तुकडा बसवून रक्तपुरवठा वाढवायचं ऑपरेशन करत, जोडीला ओझोन मिसळलेलं रक्त आणि विजेचं उत्तेजन. जगभरातून लोक कर्ज काढून गेले. बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. बर्सन यांनी अशा 10 पेशंटची तिथे जाण्याआधी आणि नंतर तपासणी केली आणि 1996मध्ये निष्कर्ष छापला: फायदा नाही, काहींचं नुकसान झालं असण्याचीच शक्यता.

विजेच्या सौम्य उत्तेजनाचे अमेरिकेत छोटे प्रयोग झालेत, आणि काहींमध्ये डोळ्यामागच्या धमनीतला प्रवाह आणि थोडीफार नजर सुधारल्याचं दिसलं, हे खरं. पण पेशंट मूठभर. शिवाय आरपीत फील्ड टेस्टचा (कडेची नजर किती उरली ते मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा एका वेळेपासून दुसऱ्या वेळेला आपसूक वरखाली होतो, आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्याला टेस्ट कशी द्यायची हेही कळलेलं असतं. त्यामुळे कोणी ‘आधीचा आणि नंतरचा’ कागद दाखवला तर लगेच भुलू नका.

त्याच पैशांत आधी ओसीटी, म्हणजे पडद्याचं स्कॅन करून घ्या. आरपीत मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला काहींमध्ये सूज येते, ती बऱ्याचदा थेंबांनी उतरते आणि वाचण्याची नजर सुधारते. मोतीबिंदूही लवकर होतो, त्याचं ऑपरेशन करता येतं. मग जनुकीय तपासणी. 2017मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकोपचाराचं इंजेक्शन फक्त आरपीई65 या जनुकातल्या दोषासाठी आहे आणि तो दोष थोड्यांनाच असतो, पण जनुक माहीत असेल तर नव्या उपचारांच्या पुढच्या चाचण्यांत नाव घालता येतं. व्हिटॅमिन एचे मोठे डोस स्वतःहून सुरू करू नका, काही जनुकदोषांत ते घातक ठरतात.

फील्ड टेस्टही करून घ्याच. आमच्याकडे कित्येकदा पेशंट हनुवटी टेकवून, हातात बटण धरून शांत बसलेला असतो. कडेचे प्रकाशाचे ठिपके लागून विझतात, आणि तो विचारतो, “ताई, मशीन सुरू झालं का?” अक्षरांचा तक्ता मात्र तोच खालच्या ओळीपर्यंत वाचतो. घरच्यांना त्यामुळेच आजाराचा अंदाज येत नाही. भावाचं फील्ड 40 अंशांच्या आत आलं असेल, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तो निदान अल्पदृष्टी गटात बसतो, अक्षरं कितीही वाचू देत. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा आणि सरकारी रुग्णालयात जाताना हा फील्डचा रिपोर्ट सोबत न्या.