अनुग्रह घेण्याआधी चौकशी

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. सासर साताऱ्याचं. यजमान दर रविवारी झूमवर एका महाराजांचा सत्संग ऐकतात आणि आता त्यांच्याकडून अनुग्रह, म्हणजे गुरुदीक्षा, घ्यायचं म्हणतात. आश्रमाच्या जागेसाठी दोन हप्ते पाठवूनही झाले. त्यातच महाराजांच्या सांगण्यावरून साताऱ्यात सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. ताई विचारतात, "श्रद्धा न दुखावता यांना कसं सांगू?"

ताई, आधी गोळ्यांचं बघा, बाकी सगळं नंतर. सासूबाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन लावा, जवळच्या कुणाला तरी घरी पाठवून साखर तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तशा गोळ्या सुरू करा. चालू औषध सोडायला सांगणारा माणूस गुरू होऊ शकत नाही, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. साताऱ्यातच डॉक्टरकी केलेले नरेंद्र दाभोलकर अशा फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. देवाला मानू नका, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. हे यजमानांना जरूर सांगा.

आता महाराजांविषयी. गावात राहणाऱ्याला अशा माणसाची खबर न विचारताही मिळते. कुणाचे पैसे अडकवलेत, घरच्या बायकांशी कसं वागतो, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा घेता घेता सगळं कानावर येतं. परदेशात मात्र कॅमेरा दाखवील तेवढाच माणूस दिसतो. म्हणून तिथे राहणाऱ्यांना ही चौकशी मुद्दाम, कष्ट घेऊन करावी लागते. मुलीला स्थळ आलं की आपण चार गावं पालथी घालतो. ज्याच्या शब्दावर आख्खं घर चालणार, त्याच्याबद्दल निदान तेवढं तरी विचारायला नको का?

पैसा कुणाकडून कुणाकडे जातो, हे मी सगळ्यात आधी बघते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं वसतिगृहात एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. तिथे पैसा पुढाऱ्याच्या घरातून लोकांकडे गेला. सातारा जिल्ह्यातल्या गोंदवल्याला आजही येणाऱ्या प्रत्येकाला प्रसादाचं जेवण मिळतं, आणि तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी आयुष्यभर जे सांगितलं त्या नामस्मरणाला दमडी लागत नाही. गाडगेबाबा तर कुणाला पाया पडू देत नसत. साताऱ्याच्या घरात ही माणसं ठाऊक आहेत, तेव्हा यजमानांना मोजमाप बाहेरून आणायची गरज नाही.

पहिले दोन हप्ते कुणाच्या नावावर गेले, ते बँकेच्या कागदावर बघा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा, विश्वस्तांची नावं मागा, सगळे एकाच घरातले आहेत का ते पाहा. यजमानांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलं तरी भारतातल्या संस्थेला दिलेली त्यांची देणगी परकीय देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. कुणाच्या तरी खासगी खात्यात टाका म्हणाले, तर हप्ता तिथेच थांबवा.

यजमानांशी बोलताना मात्र महाराजांची टिंगल नको. आठवडाभर परक्या भाषेत काम करणाऱ्या माणसाला रविवारी मराठीत कुणी "कसे आहात?" विचारतं, ही भूक खरी आहे. तिला नावं ठेवलीत तर ते तुमच्यापासून लपवून हप्ते पाठवतील. अनुग्रह पुढच्या भारतभेटीपर्यंत थांबवू, एवढंच मागा. त्या भेटीत आधी न कळवता आश्रमात जा. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांशी बोला, शेजारच्या शेतकऱ्याशी बोला, आणि महाराजांना सोडून गेलेला एखादा जुना शिष्य शोधाच. तो का गेला हे आश्रमातले कसं सांगतात, तेही कान देऊन ऐका. शिव्याशाप ऐकू आले तर उद्या तुम्ही बाहेर पडलात की तुमच्याबद्दलही हेच बोलतील.

मुलगी नववीत आहे आणि सत्संगात बाबांशेजारी बसते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिने काही विचारलं की तिला गप्प केलं जातं, हे मला सगळ्यात जास्त खुपलं. पुढच्या रविवारी तिचा प्रश्न तुम्ही स्वतः, तिच्यासमोर, महाराजांना विचारा. आणि उत्तर देताना ते तिच्याशी कसे बोलतात, हे यजमानांना पाहू द्या.