पुरस्कार मिळालेले प्रेस फोटो नेटवर फुकट दिसतात, मग प्रदर्शनाला मुद्दाम कशाला जायचं?

तुमचा प्रश्न असा की वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेचे सगळे विजेते फोटो त्यांच्या वेबसाईटवर फुकट बघायला मिळतात, मग त्यांचं ते देशोदेशी फिरणारं प्रदर्शन उद्या मुंबईला आलं तर नाशिकहून गाडीभाडं घालून जावं का, आणि आठवीतल्या मुलीला सोबत न्यावं का. जावं. मुलीलाही न्यावं, पण त्याबद्दल खाली लिहितो.

माझं नाशिकमध्ये फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, त्यामुळे तुम्हाला वाटेल हा आता मोठ्या प्रिंटचं कौतुक सांगणार. मोठ्या साईझमध्ये फोटो वेगळा दिसतो हे आहेच, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दहा बाय वीसला ओढला की फाटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं "अहो मोबाईलवर तर एकदम क्लिअर आहे", हे आमचं रोजचंच. पण नुसत्या साईझसाठी मी कुणाला मुंबईला जा म्हणणार नाही. जायचं ते फोटोच्या शेजारी भिंतीवर जे कॅप्शन लावलेलं असतं ना, त्यासाठी. वेबसाईटवरही ते असतं, पण खरं सांगा, तिथे कोण वाचतं? आणि तोच फोटो फॉरवर्ड होऊन आपल्यापर्यंत येतो तेव्हा कॅप्शन तर कधीच गळून पडलेलं असतं.

मेहुणा ॲमस्टरडॅमला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या डॅम चौकात न्यूवे केर्क म्हणून जुनं चर्च आहे त्यात २०२२ चं प्रदर्शन लागलेलं होतं. (ही स्पर्धा मूळची तिकडचीच, १९५५ मध्ये डच प्रेस फोटोग्राफरांनी सुरू केली. पहिल्या वर्षीचा विजेता फोटो कसला, तर डेन्मार्कमध्ये मोटारसायकल रेसमध्ये गाडीवरून उडून पडणाऱ्या माणसाचा. युद्ध-दुष्काळ हे सगळं नंतर आलं.) त्या वर्षीचा मुख्य फोटो अँबर ब्रॅकन या कॅनडाच्या बाईंचा होता. रस्त्याच्या कडेला ओळीने लाकडी क्रॉस रोवलेले, प्रत्येक क्रॉसवर लहान मुलींचा असावा तसा लाल फ्रॉक अडकवलेला, मागे काळंभोर आभाळ आणि त्यात इंद्रधनुष्य. माणूस एकही नाही. या स्पर्धेत माणूस न दिसणारा फोटो वर्षाचा सर्वोत्तम ठरायची ती पहिलीच वेळ. मोबाईलवर मी तो आधी पाहिलेला होता, कलर मस्त आहेत म्हणून पुढे सरकवला असणार. भिंतीवर कॅप्शन वाचलं तेव्हा कळलं की हे कॅमलूप्स नावाच्या गावातल्या शाळेत मेलेल्या मुलांसाठी आहे. कॅनडात तिथल्या आदिवासींची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत ठेवायचे, त्यांची भाषा, चालीरीती मोडून काढायला, पैसा सरकारचा आणि शाळा चालवणार चर्च. अशी दीड लाखांवर मुलं त्या शाळांतून गेली. २०२१ मध्ये कॅमलूप्सला रडारने जमीन तपासली तर दोनशेच्या आसपास नोंद नसलेल्या कबरी असाव्यात असं दिसलं. हे वाचून परत वर फोटोकडे बघितलं की त्या फ्रॉकांचं माप डोळ्यात भरतं. आपण चर्चमध्येच उभं राहून हे वाचतोय हे पण लक्षात येतं, ते वेगळंच.

त्याच प्रदर्शनात मॅथ्यू ॲबट या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरची सिरीज होती, रानात आग लागलीय, धूर, एका फोटोत आगीवर घार घिरट्या घालतेय. आपल्या नाशिकच्या माणसाला काय वाटणार, वणवा! उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे कुणीतरी गवत पेटवून देतं आणि झाडं-पाखरं सगळी जळतात, तसंच काहीतरी. कॅप्शन नेमकं उलटं होतं. उत्तर ऑस्ट्रेलियात पश्चिम अर्नहेम लँडमधले मूळचे लोक स्वतःच ठरवून, थंडाव्याच्या दिवसांत, हळू पसरणारी बारीक आग लावतात, त्यात खालचं वाळलेलं गवत-पाचोळा जळून जातो आणि मग कडक उन्हाळ्यात मोठी आग लागली तरी तिला जळायला काही उरत नाही. सिरीजचं नावच आगीने जंगल वाचवणं अशा अर्थाचं आहे. म्हणजे नुसता फोटो बघणारा माणूस शंभर टक्के उलटा अर्थ काढून घरी जाणार.

कॅप्शन गळलं की काय होतं याचा सगळ्यांच्या मोबाईलमधला नमुना म्हणजे ते गिधाड आणि मुलीचं फॉरवर्ड. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेलं असेल, सुदानमधला दुष्काळ, जमिनीवर कोसळलेली मुलगी, मागे टपलेलं गिधाड, आणि फोटोग्राफरला कुणीतरी फोनवर विचारलं की तिथे गिधाडं दोन होती, एकाच्या हातात कॅमेरा होता, आणि त्या प्रश्नाने त्याने जीव दिला. फोटो केविन कार्टरचा, मार्च १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, १९९४ चं पुलित्झर मिळालं (हे अमेरिकेचं पत्रकारितेचं बक्षीस, वर्ल्ड प्रेस वेगळं) आणि त्याच जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली, इतकं खरं. पण लोकांनी विचारल्यावर त्या पेपरनेच तेव्हा छापलं होतं की गिधाड हाकलल्यावर ते मूल उठून पुढे चालायला लागलं. अन्नवाटपाचं ठिकाण जवळच होतं. २०११ मध्ये एका स्पॅनिश पेपरचा माणूस फोटो काढला त्या गावात गेला तेव्हा कळलं की ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता, आणि त्या दुष्काळातून तो वाचला होता. आणि कार्टरच्या चिठ्ठीत पैशाची चणचण होती, डोळ्यासमोरून न जाणारी प्रेतं होती, तीनच महिने आधी गोळी लागून गेलेला दोस्त होता. फॉरवर्डमध्ये यातलं काही नाही, तिथे फक्त सुविचार.

लांब कशाला, मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. ६ तारखेला आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून निघाले आणि १२ ला आझाद मैदानात, सुमारे १८० किलोमीटर पायी, आणि त्या फुटलेल्या, सोललेल्या तळपायांचे फोटो जगभर गेले. पुढे आमच्याकडे एक गिऱ्हाईक तसाच एक फोटो घेऊन आलं, त्यावर वरच्या कोपऱ्यात साहेबांचा हसरा फोटो आणि खाली शेतकरी दिनाच्या हार्दिक शुभेच्छा टाकून द्या म्हणे. मी विचारलं हे पाय कुणाचे, तर म्हणाला शेतकऱ्याचे, अजून कुणाचे. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी माणसं होती त्यात कितीतरी, कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे नावावर करा ही त्यांची मोठी मागणी होती, २००६ च्या वनहक्क कायद्याने ते मिळायला हवे होते. पाय लक्षात राहिले, पट्टे राहिले नाहीत. फ्लेक्स छापून दिला, धंदा आहे.

आपल्याकडच्या फोटो प्रदर्शनांना पण मी जातो, १९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाच्या, आसपास लागतात तशा. फोटो खरंच चांगले असतात हो, पण खाली काय, तर "जगण्याची धडपड", "आशेचा किरण", "निरागस". अरे कुठला माणूस, कुठलं गाव, कधीचा फोटो? एवढं टाकायला काय जातं.

अजून एक गोष्ट प्रिंटवाला म्हणून सांगतो. दुकानात दिवसातून एकदा तरी "तो मागचा माणूस उडवून द्या ना" असतंच आणि आम्ही क्लोन मारून उडवतो. या स्पर्धेत ते चालत नाही, शेवटच्या फेऱ्यांत आलेल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागवतात. २०१० मध्ये एका युक्रेनियन फोटोग्राफरचं बक्षीस काढून घेतलं कारण त्याने मागे दिसणारा कुणाच्या तरी पायाचा तुकडा पुसला होता. एवढासा पाय! २०१५ ला तर शेवटच्या आधीच्या फेरीतल्या जवळपास २० टक्के एंट्र्या अशाच बाद झाल्या. हे माहीत असलं की भिंतीवरच्या फोटोत कोपऱ्यात नको असलेली वायर, अर्धवट कापलेलं डोकं दिसतं ना, ते बघायला मजा येते.

सगळं गोडच आहे असं नाही. बरीच वर्षं गरीब देशांचं दुःख आणि ते टिपायला गेलेला युरोप-अमेरिकेचा माणूस असा मामला असायचा, टीकाही तशीच झाली. २०२२ पासून त्यांनी जगाचे सहा भाग पाडून प्रत्येकाचे वेगळे विजेते काढायला सुरुवात केली, मग बरेचसे फोटो त्या-त्या भागातल्याच लोकांचे यायला लागले. फरक पडलाय, तरी चार भिंती सलग बघितल्या की डोकं जड होतंच.

आता मुलीचं. आठवीतली मुलगी बघू शकते, तिच्याहून लहान भावंड असेल तर ते घरी आजीकडे ठेवा. पूर्वी निसर्ग, खेळ असे वेगळे विभाग असायचे, मुलांना तिकडे वळवता यायचं, नव्या रचनेत ते नाहीत, त्यामुळे कुठल्या वळणावर काय समोर येईल सांगता येत नाही. तुम्ही दहा पावलं पुढे रहा. आपल्या भारतातले फोटोग्राफर पाब्लो बार्थोलोम्यू यांना १९८४ चा मुख्य पुरस्कार मिळाला तो भोपाळचा, मातीत पुरलं जाणारं बाळ, उघडे राहिलेले डोळे, त्या तोडीचं काहीतरी दरवर्षी असतंच. तो भोपाळचा फोटो जाण्याआधी तिला घरी दाखवा आणि भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात काय झालं, कुठल्या कंपनीचा गॅस, हे सांगा. बघवलं तर प्रदर्शन बघवेल. नाही बघवलं तर पुढच्या वर्षी जा. कॅप्शन इंग्रजीतच असतील बहुतेक, ते तिलाच मोठ्याने वाचायला लावा, तुम्हाला अडलं तर तीच सांगेल.

सगळे फोटो संपवायच्या मागे लागू नका, पंधरा-वीस नीट वाचून झाले तरी भरपूर. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं, फक्त शनिवार-रविवार टाळा. गर्दीत फोटो लांबून दिसतो, कॅप्शनपाशी मात्र मागचा माणूस उभं राहू देत नाही.