तसबीहमध्ये ३३ किंवा ९९ मणीच का असतात, आणि चांगली तसबीह कशी ओळखावी?

तसबीह म्हणजे मुसलमानांची जपमाळ. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. नमाजानंतर ‘सुबहानल्लाह’ आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ प्रत्येकी ३३ वेळा आणि ‘अल्लाहु अकबर’ ३३ किंवा ३४ वेळा म्हणण्याचा प्रघात आहे. ९९ मण्यांच्या माळेत हे एका फेरीत होते, ३३ मण्यांच्या माळेत तीन फेऱ्या लागतात. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण चांगली तसबीह म्हटली की लोक चंदन आणि अकीक नावाचा खडा यांच्यावरच थांबतात आणि दोऱ्याचे नावही काढत नाहीत.

आम्ही बेळगावचे पटवेकरी. मंगळसूत्रे गाठवणे, तुळशीच्या आणि रुद्राक्षाच्या माळा ओवणे, गोंडे वळणे हा आमचा पिढीजात व्यवसाय, आणि गावातल्या मुसलमान कुटुंबांच्या तसबीहसुद्धा अप्पांकडेच येत. एकदा एक वृद्ध हाजीसाहेब तुटलेल्या तसबीहचे लाकडी मणी रुमालात बांधून घेऊन आले. अप्पांनी ते ताटात ओतले, मधले दोन वेगळे मणी आणि टोकाचा लांबट मणी, ज्याला इमाम म्हणतात, बाजूला काढला, उरलेले तेहेतीस-तेहेतिसांत मांडले, तेव्हा शेवटच्या वाट्यात एक मणी कमी भरला. माझा चुलतभाऊ तेव्हा आमच्याच दुकानात बसत असे. तो म्हणाला, ‘‘काका, अठ्ठ्याण्णवच ओवा, कोण मोजायला बसलंय?’’ अप्पा फारसे रागावत नसत, पण त्या दिवशी रागावले. मोजणे बोटाने करावे आणि मन नामात राहावे, एवढ्याचसाठी माणूस माळ हातात घेतो. तिच्यावर त्याचा विश्वास असतो, म्हणूनच तो मोजत नाही, असे त्यांनी त्याला सुनावले. मग त्याच रंगाच्या लाकडाचा तुकडा शोधून, काचकागदाने घासून, सामत्याने दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे छिद्र पाडून त्यांनी नवा मणी घडवला. एकाच बाजूने छिद्र पाडले तर पलीकडची कड फुटते आणि ती फुटकी कडच पुढे दोरा कापते. हाजीसाहेबांची माळ त्यामुळेच तुटली होती.

चुलतभावाने पुढे स्वतःचे दुकान काढले, आणि दोऱ्याला कोणी पैसे देत नाही, हे तो आजही मला ऐकवतो. म्हणून तुम्हाला सांगतो, तसबीह विकत घेताना आधी छिद्रे पाहा. कडा गुळगुळीत हव्यात आणि दोरा छिद्रात भरून बसायला हवा. सैल दोऱ्यावर मणी हेलकावतो आणि दोरा झिजवतो. माळ ताणून ओवलेली नसावी. दोन-तीन मण्यांएवढी मोकळी जागा असली, तरच एकेक मणी बोटाखालून सुटा सरकतो. ९९ मण्यांच्या माळेत प्रत्येक ३३ मण्यांनंतर आणि ३३ मण्यांच्या माळेत प्रत्येक ११ मण्यांनंतर वेगळा मणी असतो. अंधारातही तो बोटाला कळला पाहिजे. शेवटी इमामातून बाहेर आलेली दोऱ्याची टोके नुसती जाळून चिकटवलेली आहेत की गाठ मारून गोंड्यात घेतली आहेत, तेही पाहा. जाळून चिकटवलेली माळ मी फुकटसुद्धा घेणार नाही.

मण्यांबद्दल थोडेच सांगतो. गुजरातेतल्या खंबातचा लाल अकीक पुष्कळदा भट्टीत तापवून लाल केलेला असतो. त्यात फसवणूक नाही, ती तिथली जुनी रीत आहे. शिया भाविक करबलाच्या मातीची तसबीह वापरतात, ती पाण्यापासून जपावी लागते.

रेशमी दोऱ्याचा मी कट्टर पुरस्कर्ता असलो, तरी वजूनंतरच्या, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुतल्यानंतरच्या, ओल्या हातांनी रोज माळ धरणाऱ्याला नायलॉन अधिक टिकतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र नायलॉनची गाठ निसटते, म्हणून ती दुहेरी मारून घ्यावी. शिवाय तसबीह असलीच पाहिजे, असेही नाही. बोटांवर मोजणे अधिक चांगले, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, त्याला आधारही आहे. पण माळ घेणारच असाल, तर ओवणाऱ्याला त्याची वेगळी मजुरी द्या, आणि ‘दोऱ्याचे कसले पैसे’ म्हणणाऱ्याच्या दुकानात जाऊ नका, मग तो माझा चुलतभाऊ का असेना.