एका कागदामागून चालून बघ

प्रश्न : काका, मी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी आहे. महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. पण चार महिने झाले, झेरॉक्स काढायच्या, या टेबलावरची फाईल त्या टेबलावर न्यायची, एवढंच काम. कुणी काही शिकवत नाही. ‘तुला कुठं इथं राहायचंय,’ म्हणतात. उरलेले सात महिने काढू की सोडून देऊ?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : सोडू नकोस. पण आत्ता चाललंय तसं चालूही देऊ नकोस.

तुझ्या कार्यालयातल्या लोकांचं एक म्हणणं खरं आहे. या प्रशिक्षणामुळे तिथल्या कायम नोकरीवर तुझा हक्क लागत नाही. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये ती अकरा झाली, तरी ही अट तशीच आहे. म्हणून तर तुला शिकवायला हवं. थोड्या दिवसांसाठी आलेल्या मुलीला झेरॉक्सपाशी उभं करून ठेवणं मला पटत नाही. माझी ३४ वर्षं महसूल खात्यात गेली, म्हणून हे जरा रागानंच लिहितोय.

आता काय करायचं ते सांगतो. सोमवारी आवक बघणाऱ्या कारकुनाकडे जा आणि म्हण, ‘दादा, आठवडाभर बारनिशी मी लिहिते.’ बारनिशी म्हणजे आलेल्या टपालाची नोंदवही. नाही म्हणणार नाहीत, ते काम कुणालाच नको असतं. मग आलेल्या टपालातला एकच अर्ज निवड आणि त्याच्या मागून चाल. त्यावर आवक क्रमांक नि तारखेचा शिक्का पडतो, साहेब शेरा मारतात, मग अर्ज संबंधित टेबलावर जातो. तिथला कारकून कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे आपल्या टेबलावर आलेल्या कागदांच्या वहीत, त्याची नोंद घेतो, टिपणी लिहितो, जुन्या कागदांना पताका, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, लावतो. टिपणी वर जाते, मान्यता घेऊन खाली येते, मसुदा होतो, स्वच्छ प्रत होते, सही होते, जावक क्रमांक पडतो आणि स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची प्रत, फाईलला लागते. प्रत्येक टप्प्यावर कागद कुठल्या तारखेला आला आणि कधी हलला, ते वहीत लिही. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडून राहू नये, असं २००५ चा विलंब प्रतिबंधक कायदा सांगतो. तुझ्या वहीतल्या तारखा बघितल्यास की कार्यालय कुठं अडतं ते तुला दिसेल. ते कुणाला सुनावायला जाऊ नकोस, नुसतं समजून घे.

नोंद घेण्यावर मी एवढा भर का देतो, त्याचं कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजींचा फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, हरकतीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तो कार्यविवरणात न चढवता गठ्ठ्यात ठेवला. आजी चार खेपा आल्या, दर वेळी मी ‘शोधतो’ म्हणायचो. चौथ्या खेपेला त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पोच काढली. घड्या पडून कागद कापडासारखा मऊ झाला होता, पण आवक क्रमांक नीट वाचता येत होता. त्या क्रमांकावरून दुपारपर्यंत अर्ज सापडला, तोही चुकीच्या गठ्ठ्यात. एका ओळीची नोंद मी केली नाही, आणि त्यांचे चार दिवसांचे एसटीचे पैसे गेले. तो कागद अजून डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या महिन्यात कागद लावायची सहा गठ्ठे पद्धत शिक : चालू, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट बघणारे), नियतकालिक (ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभरात काढायचे, हे पुस्तकातून कळेल, पण कुठला कागद कशात जातो ते हात लावल्याशिवाय कळत नाही. जुने कागद सांभाळणाऱ्या अभिलेखापालांना गठ्ठे बांधायला मदत कर. धूळ फार असते, तोंडाला रुमाल बांध. तू बी.कॉम. आहेस, म्हणून रोखपालांच्या टेबलाजवळही बस. देयक कसं तयार होतं, कोषागारातून आक्षेप लागून परत का येतं, हे तुला इतरांपेक्षा लवकर उमगेल.

तीन आठवड्यांनी वही घेऊन साहेबांसमोर जा. ‘शिकवत नाहीत’ अशी तक्रार करू नकोस. ‘सर, एवढं शिकले, आता एखाद्या टिपणीचा मसुदा मला करू द्या,’ एवढंच म्हण. लिहिलेली वही समोर असली की साहेबांना नाही म्हणणं अवघड जातं.

संध्याकाळी टायपिंगचा क्लास लाव. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. योजनेचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागून घे, नंतर खेटे पडतात.

पहिला कागद कुठला निवडलास आणि तो किती दिवसांत बाहेर पडला, ते मला नक्की कळव.